निवड वाचकाची की मध्यस्थाची?

नियतकालिकाची वर्गणी भरणे हा एक साधा करार असतो. वाचकाने आपल्या पसंतीचे प्रकाशन निवडावयाचे, आणि प्रकाशकाने प्रत्येक अंक त्याच्याकडे नियमाने धाडावयाचा. या व्यवहारात टपालखात्याचे काम केवळ वाहकाचे. उद्या टपालखात्यानेच बारा अंकांपैकी वाचकाला आवडतील असे वाटणारे तीन अंक तेवढे पोचविले आणि त्यांच्या सोबतीला न मागितलेल्या जाहिरातींचा गठ्ठा दिला, तर कोणताही वर्गणीदार ते खपवून घेणार नाही. आंतरजालावर मात्र नेमका हाच प्रकार रोज घडत आहे, आणि त्याविषयी फारशी तक्रारही ऐकू येत नाही.

एखाद्या विद्यापीठाचे, शासकीय कार्यालयाचे वा अभ्यासकाचे नवे लेखन कळावे म्हणून आज बहुतेक जण समाजमाध्यमांवर त्यांचे अनुसरण करतात. परंतु अनुसरण केले म्हणजे प्रत्येक मजकूर नजरेस पडेलच असे नाही. काय दाखवावयाचे आणि कोणत्या क्रमाने, हे त्या माध्यमाची गणिती पद्धती ठरविते. आणि वाचक पडद्यासमोर अधिकाधिक वेळ कसा खिळून राहील, हा तिचा एक मुख्य निकष असतो. परीक्षेच्या अर्जाची मुदत किंवा वेतननिश्चितीसंबंधीचे परिपत्रक या निकषावर मागे पडले तर नवल नाही. दुसरा मार्ग म्हणजे पंधरा-वीस संकेतस्थळे रोज स्वतः उघडून पाहणे. अर्थशास्त्रात ज्याला शोधखर्च म्हणतात, तो येथे पैशाऐवजी वेळाच्या रूपाने मोजावा लागतो.

वस्तुतः या दोहोंच्या मधला एक मार्ग पाव शतकापूर्वीच तयार झालेला आहे. त्याचे नाव 'फीड'. तिचा सर्वाधिक परिचित प्रकार म्हणजे आरएसएस. तिची रचना अगदी सुटसुटीत असते. संकेतस्थळावर एक छोटी धारिका ठेवलेली असते आणि तीत प्रत्येक नव्या मजकुराचे शीर्षक, दिनांक, सारांश व दुवा यांची नोंद होत जाते. वाचकाजवळ 'फीड रीडर' नावाची आज्ञावली असते. वाचकाने त्या धारिकेचा पत्ता तीत एकदा नोंदविला की ती ठरावीक वेळाने धारिका तपासते आणि नव्या नोंदी एका यादीत मांडते. यासाठी त्या संकेतस्थळाला आपले नाव, ईमेल वा दूरध्वनी क्रमांक देण्याची गरज नसते. नको असेल त्या दिवशी पत्ता खोडून टाकला की संबंध संपला. निवड करणारा वाचक, आणि निवड रद्द करणाराही वाचकच.

या पद्धतीचा पहिला आराखडा 1999 साली नेटस्केप या कंपनीत तयार झाला. रामनाथन गुहा या भारतीय वंशाच्या संगणकतज्ज्ञाचा त्यात प्रमुख वाटा होता. पुढे डेव्ह वायनर यांनी ती सोपी केली व रूढ केली. 2002 मध्ये आरएसएसची दुसरी आवृत्ती सिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या दैनिकाने आपल्या बातम्या फीडद्वारे उपलब्ध करून दिल्या. 2005 मध्ये गूगलने 'गूगल रीडर' ही विनामूल्य सेवा सुरू केली व असंख्य वाचक तिच्यावर विसंबू लागले. वापर घटत असल्याचे कारण देऊन 1 जुलै 2013 रोजी ती बंद करण्यात आली. अनेकांनी त्याचा अर्थ फीडच कालबाह्य झाली असा घेतला.

हा अर्थ चुकीचा होता. बंद झाले ते एक दुकान. रस्ता खुलाच राहिला. परंतु त्या रस्त्यावर वर्दळ का घटली, याचे उत्तर अर्थकारणात आहे. माहितीची विपुलता झाली की टंचाई निर्माण होते ती वाचकाच्या अवधानाची, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी 1971 सालीच मांडला होता. त्यांना पुढे 1978 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जी वस्तू दुर्मिळ, तिला बाजारात मोल येते. समाजमाध्यमे हे अवधान गोळा करून जाहिरातदारांना विकतात. फीड मात्र कोणाच्याही मालकीची नाही. ती वाचकाचा वेळ वाचविते; आणि वाचलेल्या वेळातून मध्यस्थाला काही मिळत नाही. जिच्यात कोणाचा नफा नाही, तिची जाहिरात तरी कोण करणार?

तथापि या खुल्या पद्धतीचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर पॉडकास्टकडे पाहावे. श्रोत्यांना ठाऊक नसले तरी बहुतेक पॉडकास्टचे वितरण आजही आरएसएसमधूनच होते. म्हणूनच एकच कार्यक्रम निरनिराळ्या अ‍ॅपवर ऐकता येतो आणि एक अ‍ॅप सोडल्याने कार्यक्रमाला मुकावे लागत नाही.

फीडला मर्यादा आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. वाचकाने जे निवडले तेवढेच ती आणते. अनपेक्षित, अपरिचित लेखनाची भेट ती घडवीत नाही. शंभर पत्ते नोंदविले तर न वाचलेल्या नोंदींचा ढीग साचतो. शिवाय अनेक संकेतस्थळांनी ही सोय काढून टाकली आहे, आणि फायरफॉक्स या ब्राउझरनेही 2018 मध्ये आपल्यातील अंगभूत फीडची सोय बंद केली. परंतु ढीग साचलाच तर तो वाचकाने स्वतः ओढवून घेतलेला असतो व स्वतःच कमी करता येतो. दुसऱ्याने केलेल्या अदृश्य निवडीवर असा इलाज चालत नाही. कारण काय वगळले गेले हेच कळत नाही.

येथे सार्वजनिक संस्थांची जबाबदारी सुरू होते. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रके व अधिसूचना यांच्या, तसेच केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने आपल्या निवेदनांच्या फीड उपलब्ध करून दिल्या आहेत. हाच शिरस्ता प्रत्येक विद्यापीठाने, परीक्षा मंडळाने आणि जिल्हा कार्यालयाने पाळावयास हवा. त्याचा खर्च नगण्य आहे. नागरिकांच्या पैशातून तयार झालेली सूचना नागरिकांपर्यंत पोचावी की नाही, हे खासगी कंपनीच्या गणितावर सोडणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

वाचकांचाही यात वाटा आहे. थंडरबर्डसारखी विनामूल्य आज्ञावली संगणकावर घेऊन दहा निवडक पत्ते नोंदविण्यास अर्धा तास पुरतो. महाविद्यालयातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ग्रंथालयाची तालिका पाहावयास शिकवावी, तशीच ही गोष्टही शिकवावी. ग्राहक सार्वभौम असतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. पण ज्याच्यापुढे काय मांडावयाचे हे दुसराच ठरवितो, त्याचे सार्वभौमत्व नावापुरतेच उरते. वाचनाच्या क्षेत्रात ते परत मिळविण्याचे एक साधन हाताशी आहे, आणि त्याला शुल्कही पडत नाही.