गच्चीवरचं ऊन, खोलीतला उकाडा

भाईंदरला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, मे महिन्यात रात्री अकरालाही छताला हात लावला तर ते कोमट लागतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण आडवे झालो की ते सावकाश खोलीत ओततो. त्यात हे शहर साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मार भिंतींपेक्षा छपरालाच जास्त.

उपाय परदेशात शोधायचा तर, जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं 'पॅसिव्ह हाउस' उभं राहिलं. जाड उष्णतारोधक थर, हवाबंद खिडक्या. हीटर जवळपास लागतच नाही. पण तिथला शत्रू थंडी. आपला, घाम! तो वाळायला वारा हवा. भाईंदरजवळच्या उत्तन गावातल्या जुन्या कौलारू घरांना हे पक्कं ठाऊक होतं: उतरतं छप्पर, पुढे पडवी, समोरासमोर खिडक्या. पातळ कौल पटकन तापतं, पण निवतंही पटकन.

स्लॅबवाल्यांनी ऊन परतवायला गच्चीला चुना मारावा. सौर पॅनल थोडे उंचावर बसवले तर वीजही मिळते, सावलीही. एक किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज चारेक युनिट. जुना पंखा ७५ वॅट खातो, ब्रशलेस मोटरचा 'बीएलडीसी' पंखा तिशीत भागवतो. पण जुलैत आठवडाभर ढग हटत नाहीत, तेव्हा पॅनलला जोडलेली, दोन दिवस पुरणारी बॅटरी तिसऱ्या रात्री मान टाकते. म्हणून माझ्या मते, बाहेरून येणारी विजेची तार इतक्यात तोडू नये.