ब्रेस रोज किती तास घातला? उत्तर देतो एक छोटा सेन्सर

घड्याळ आपली पावलं मोजतं, फोन आपला स्क्रीन टाइम मोजतो. अशाच एका साध्या मोजणीने पाठीच्या कण्याच्या उपचारातला एक जुना वाद मिटवला. तो कसा, ते आज बघूया.

स्कोलिओसिस म्हणजे काय?

पाठीचा कणा मागून सरळ दिसायला हवा. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूला वळतो आणि थोडा पिळलाही जातो. एक्स-रेवर हे वळण अंशांत मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. १० अंश किंवा त्याहून जास्त असेल तर तो स्कोलिओसिस. बहुतेक मुलामुलींमध्ये तो दहाव्या वर्षानंतर, उंची भराभर वाढत असताना दिसतो आणि नेमकं कारण सापडत नाही. जड दप्तर किंवा मोबाईल हे त्याचं कारण नाही, त्यामुळे कुणाला दोष देऊ नका.

ब्रेसचं काम काय?

ब्रेस म्हणजे शरीराच्या मापाचं कडक प्लॅस्टिकचं कवच. वळण साधारण २५ ते ४० अंश असेल आणि उंची अजून वाढत असेल, तर डॉक्टर तो सुचवतात. कणा कायमचा सरळ करणं हे त्याचं काम नाही, वळण आणखी वाढू न देणं हे आहे. वळण ५० अंशांपर्यंत गेलं तर ते मोठेपणीही वाढत राहू शकतं, म्हणून तिथे ऑपरेशनचा विचार होतो.

अडचण अशी की ब्रेसमध्ये उकडतं, तो कपड्यांतून दिसतो, वर्गात लाज वाटते. मग मुलं तो काढून ठेवतात आणि विचारलं की "हो, घातला होता" म्हणतात. त्यामुळे ब्रेस निरुपयोगी आहे की घातलाच गेला नाही, हे कळायचं नाही.

सेन्सरने काय दाखवलं?

अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासात ब्रेसमध्ये तापमान नोंदवणारा सेन्सर बसवला होता. अंगाची ऊब लागली की ब्रेस घातलेला, थंड झाला की काढलेला. इतकं सोपं लॉजिक!

२०१३ मध्ये निकाल आला. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या खाली राहिलं. ब्रेस न देता फक्त लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. रोज सरासरी १२.९ तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांमध्ये ते ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. ६ तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांना मात्र ब्रेस नसलेल्यांपेक्षा फारसा फायदा दिसला नाही. जीवनमानाच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांचे गुण जवळपास सारखेच आले.

डेटा कुणासाठी?

इथे खरी मेख आहे. हेच आकडे आई-बाबांच्या हातात पाळत ठेवण्याचं साधन होऊ शकतात. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्या मुलांना स्वतःचे तास दाखवून त्यावर बोललं गेलं त्यांनी ब्रेस सरासरी १३.८ तास घातला, तर ज्यांच्याशी बोललं गेलं नाही त्यांनी १०.८ तास. म्हणजे डेटा आधी ब्रेस घालणाऱ्यालाच दिसायला हवा. आज खेळायला दोन तास काढला, तर ते कुठे भरून काढायचे हे तो किंवा ती स्वतः ठरवू शकते.

ऑपरेशन लागलंच तर?

मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या रॉडने जोडतात आणि तेवढा भाग एकसंध होऊ देतात. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे विद्युत संदेश तपासत राहतात. जोडलेला भाग पुढे वाकत नाही, हे आधीच समजून घ्या. बहुतेक मुलं काही आठवड्यांत शाळेत परततात.

फोनवर तपासता येतं का?

थोडंफार. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते का, हे फोनचा कल ओळखणारा सेन्सर वापरून काही ॲप मोजतात. पण तो कॉब अँगल नव्हे. खांदे वर-खाली वाटले किंवा पाठीला उंचवटा दिसला, तर उंची वाढायची थांबण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ब्रेसचा उपयोग त्याच काळात होतो.