गोदामातले उंदीर : औषध नंतर, भोक आधी

चोरासाठी आपण कुलूप लावतो, आगीसाठी विमा काढतो. उंदराचा मात्र कोणी हिशेब धरत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर माझ्या भिवंडीच्या गोदामात भिंतीकडची एक गाठ उघडली. वरून दिसत होते एकच भोक, पण तागा घडीचा. प्रत्येक घडीला तेच भोक. धड मीटरभर कापड हाती लागेना. माल चिंधीच्या भावाने गेला. आगीच्या विम्यात हे नुकसान बसत नाही.

कापड हे उंदराचे खाणे नव्हे. तो घरट्यासाठी ते कुरतडतो, आणि ग्रे मालाला सायझिंगची खळ असते, तिच्यावरही त्याची नजर असते. पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे तो विजेच्या वायरीही सोडत नाही. कापडाच्या गोदामात उघडी पडलेली वायर म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको.

आपण काय करतो? विषाच्या वड्या टाकतो. बहुतेक वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी गाठींच्या मधेच मरतो. मग वास मालाला लागतो, आणि बाहेरचा दुसरा उंदीर त्याच वाटेने आत येतो.

म्हणून आधी वाट शोधा. भर दुपारी शटर आतून ओढा, दिवे बंद करा. जिथून उजेड येतो तिथे खूण करा. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, मोठ्याला अंगठ्याएवढी. शटरची खालची फट, पाइपाभोवतीची जागा, मोरीचे तोंड आणि भिंतीवर टेकलेल्या पत्र्याची नाळी, ही नेहमीची ठिकाणे. भिंतीच्या कडेने काळपट तेलकट पट्टा दिसला तर तो त्याचा रोजचा रस्ता समजा. पिंजरा तिथेच, भिंतीला लागून ठेवा.

भोकात चिंध्या किंवा फोम कोंबू नका, तो एका रात्रीत काढतो. स्टीलच्या तारेची घासणी घट्ट बसवून वरून सिमेंट करा. शटरखाली लोखंडी पट्टी, मोरीला पाव इंची लोखंडी जाळी. प्लास्टिकची जाळी म्हणजे पैसे फुकट. गाठी जमिनीपासून फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट लांब रचा. मधे झाडू फिरला पाहिजे. भाडे महाग असताना ही जागा सोडणे जिवावर येते, मलाही आले होते.

हमालांचा डबा आणि वडापावचे कागद गोदामात राहू देऊ नका. त्या गरिबांच्या जिवाचाही प्रश्न आहे. उंदराच्या मुतामुळे पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो, तो पायाच्या जखमेतून शिरतो. त्यांना गमबूट घेऊन द्या.

गाळ्यांच्या इमारतीत एकट्याने भागत नाही. पाइपांची डक्ट सर्वांची असते. एकाने भोक बुजवले की उंदीर शेजाऱ्याकडे जातो आणि परत येतो. आमच्याकडे डक्टला तळाशी जाळी बसवण्याचा खर्च सर्व गाळ्यांत वाटला. दोघांनी अजून दिलेला नाही.