मालेगावच्या शिवारात रायफल? बंदूक, परवाना आणि रानडुकरं यांविषयीचे गैरसमज

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव जहांगीर, मेडशी, शिरपूर जैन या पट्ट्यात खरिपाचं पीक गुडघ्याला लागलं की जागल सुरू होते आणि हरभरा घरात येईपर्यंत संपत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप एका रात्रीत तुरीचे शेंडे खुडून जातो. रानडुकरं शिरली तर खाण्यापेक्षा तुडवून, उकरूनच जास्त नासाडी करतात. अशा रात्री काढलेला तरुण शेतकरी मग विचारतो, एखादी स्वस्तातली शिकारी रायफल मिळेल का? पहिल्यांदाच घ्यायची, तर कोणती घ्यावी?

त्याचं दुखणं खरं आहे आणि त्याला उडवून लावणं अन्यायाचं होईल. पण या प्रश्नाच्या पोटात इतके गैरसमज दडले आहेत की नुसतं बंदुकीचं नाव सांगितलं तर तो माणूस थेट कोर्टाच्या पायरीवर जाऊन पोहोचेल. म्हणून आधी ते गैरसमज.

"शिकारीचा परवाना काढला की झालं"

असा परवाना आज देशात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला, तेव्हा त्यात लहान-मोठ्या शिकारीसाठी परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. तेव्हापासून कलम ९ नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूचींची नव्याने मांडणी झाली. काळवीट, मोर, तणमोर पहिल्या अनुसूचीत आहेत. रोही, रानडुक्कर आणि ससा दुसरीत. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

"माझ्या शेतात मारलं, जंगलात थोडंच गेलो" हेही ऐकू येतं. कायद्यात शिकारीची व्याख्या जागेवर अवलंबून नाही. मारणं, विष घालणं, फास लावणं, हाकून अडकवणं, आमिष टाकणं आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. सातबारा तुमच्या नावावर असला तरी त्यात उभा असलेला रोही तुमचा होत नाही.

"बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक"

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. लागणारे कागद दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. शस्त्र परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल घेऊन. त्याने बंदूक जवळ बाळगण्याचा हक्क मिळतो, तेवढाच. ती प्राण्यावर चालवायची परवानगी वन खात्याची.

तिचा आधार वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला, तर कारणं नमूद करून लेखी परवानगी देता येते. उभं पीक ही त्यात मालमत्ताच धरली आहे, हे शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्यापुरता हा विषय २०१५ च्या शासन निर्णयाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या पातळीवर आणला. या परवानगीला लोक पारध परवाना म्हणतात. कागद हातात पडला की प्राणी कोणता, जागा कोणती, मुदत किती, बंदूक कोणाची, हे अक्षर न् अक्षर वाचा. तुमच्याकडे बंदूक नसेल, तर परवानाधारकाला घेऊन हे करता येईल का, हेही अर्ज देतानाच विचारून घ्या. नुसत्या त्या एका कामासाठी बंदूक विकत घेण्याची गरजच उरणार नाही.

आणि मारलेलं जनावर? ते सरकारी मालमत्ता. ते ज्याच्या ताब्यात आलं, त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवून सोपवायचं असतं. परवानगीने मारलेल्या डुकराचे वाटे गावात फिरले की बाजू उलटते आणि तक्रारदार शेतकरी आरोपी होतो.

मोबाइलवर अधूनमधून फिरतं की रोह्याला उपद्रवी ठरवलंय, आता कोणीही मारू शकतं. याचं मूळ बिहारमध्ये आहे. तिथे काही जिल्ह्यांपुरतं केंद्राने २०१५ च्या अखेरीस रोही आणि रानडुक्कर यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केलं होतं. त्या आदेशाचा वाशिम जिल्ह्याशी काही संबंध नाही.

डुक्कर अंगावर आलं आणि जीव वाचवताना ते मेलं, तर तो गुन्हा नाही. कलम ११ मध्येच तसं स्पष्ट म्हटलं आहे. मात्र ते सद्भावनेने झालेलं असावं लागतं आणि तेही जनावर सरकारचंच.

"घ्यायचीच तर रायफल घ्यावी, नेम चांगला लागतो"

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी कोणतीही गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आपल्याकडची बारा बोअर त्यातच येते. रायफल या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळं, सबळ कारण दाखवावं लागतं आणि पिकाचं नुकसान सांगून ती मिळेल अशी आशा धरू नये. थ्री नॉट थ्री तर सामान्य माणसासाठी निषिद्ध बोअरमध्येच मोडते. इंग्रज सरकारला लष्करी काडतूस लोकांच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून खाजगी वापरासाठी .३१५ बोअर रूढ झालं आणि ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल आजही लोकांना ओळखीची आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. आपल्या शिवारात रायफल नको. कारण पाहायचं असेल तर मार्गशीर्षातली रात्र डोळ्यासमोर आणा. तूर छातीच्या वर वाढलेली. बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकतात, धड दिसत नाही. मागे काय आहे ते दिसत नाही. पलीकडच्या धुऱ्यावर शेजारी शेकोटी करून जागलीला बसलाय, त्याच्या पलीकडे पाणी द्यायला आलेला कोणी मोटार चालू करतोय, आणखी पुढे अकोला-वाशिम रस्त्यावर गाड्या आहेत. बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस मीटरपलीकडे भरवशाचे राहत नाहीत, लवकर वेग सोडतात. रायफलची गोळी तशी थांबत नाही. शाळकरी वाटणारी .२२ देखील दीड किलोमीटरच्या पुढे माणसाला इजा करू शकते; .३१५ तर त्याहून कितीतरी दूर. सपाट रानात, चुकलेल्या गोळीला अडवायला मागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल, तर ती कुठे जाऊन थांबेल हे गोळी सोडणाऱ्याला कळत नाही. छर्र्याची बंदूकसुद्धा निर्धोक नाहीच. पण धोक्याचा पल्ला किती, यावरच इथे निवड करायला हवी.

"स्वस्तात हवी तर गावठी कट्टा किंवा आजोबांची जुनी"

कट्ट्याचं बोलणंच नको. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. शिवाय त्या नळीचं लोखंड आणि जोड कोणी तपासलेले नसतात, आणि ती फुटते तेव्हा धरणाऱ्याच्याच हातात फुटते.

आजोबांच्या बंदुकीचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तिथे कुणाचाच वाईट हेतू नसतो. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवण्याचा हक्क संपतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेली बंदूक कधीतरी झडतीत सापडते आणि मग ती आठवण म्हणून ठेवली होती हे सांगून भागत नाही.

खरी काटकसर वापरलेल्या बंदुकीत आहे आणि ती कायदेशीर आहे. एक परवानाधारक आपली बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो. फक्त त्याने आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. हे दिवस वाया घालवू नका, बंदूक जाणकाराला दाखवा. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून ती उघडायची आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहायचं. आतला चकाकता कडा एकसारखा दिसला पाहिजे. कुठे काळसर वर्तुळाकार सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, असं समजा. गंजाचे खड्डे, नळी आणि दस्ता मिळतो तिथला खिळखिळेपणा, आपोआप सुटणारा घोडा, यांपैकी काहीही असेल तर कितीही कमी भाव असो, सोडून द्या. जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर लहान असतं, ६५ मिलिमीटरचं. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना दाब धोक्याच्या पुढे जातो. नळीवर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका.

"परवाना फक्त मोठ्या बागायतदाराला मिळतो"

उलट, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. वय २१ पूर्ण असावं. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस चौकशी होते. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नुकसानीचे जुने पंचनामे अर्जाला जोडले तर गरज तोंडी सांगावी लागत नाही.

आपल्या भागात आणखी एक अट येऊ शकते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. अकोला-वाशिमच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य आहे, कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. आपलं गाव त्या टप्प्यात येतं का, हे अर्ज करण्याआधीच वन कार्यालयात विचारलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

"एअरगनला परवाना लागत नाही, मग तिने ससे-तितर चालतात"

पहिला भाग बरोबर. .१७७ पर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र मागतो. दुसरा भाग साफ चूक. हत्याराला परवाना लागत नसला तरी शिकार ही शिकारच, आणि शिकारीला वापरलेली एअरगनही जप्त होते.

मात्र ज्याला नेमबाजीचीच ओढ आहे, त्याची पहिली परवडणारी रायफल हीच, हे मी मनापासून सांगेन. दहा मीटरवरचं कागदी लक्ष्य, मागे भक्कम अडसर आणि जवळ एखादा क्लब. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला, म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातला. रायफलीवरचं प्रेम पूर्ण करायला एकही ससा मारावा लागत नाही.

"बंदुकीशिवाय पीक वाचत नाही"

एक डुक्कर पाडलं तर उरलेला कळप दोन धुरे ओलांडून शेजाऱ्याकडे जातो आणि काही दिवसांनी परत येतो. कुंपणाचा उपयोग जास्त, पण कुंपण कोणतं? थेट खांबावरून वीज सोडलेली तार माणसं मारते. दरवर्षी राज्यात कुठे ना कुठे शेतकरी, मजूर, कधी स्वतः मालकच त्या तारेला चिकटतो. सौर कुंपण वेगळं. त्यात बॅटरीवर चालणारं यंत्र सेकंदा-सेकंदाने अगदी क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात कळेल. कुंपणाखालचं गवत मात्र सारखं काढावं लागतं, नाहीतर ते तारेला टेकून झटक्याचा जोर घालवतं. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच सलग कुंपण केलं तर खर्च वाटला जातो आणि डुकरांना मधली फट सापडत नाही.

नुकसान झालंच, तर भरपाई मागायची. रोही, रानडुक्कर, हरीण यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीसाठी वन खातं पैसे देतं. अर्ज तीन दिवसांच्या आत गेला पाहिजे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये पीक विम्यातही वन्यप्राण्यांचं नुकसान घ्यायचं जाहीर केलं, खरीप २०२६ पासून. तिथली मुदत ७२ तासांची आहे. म्हणजे सकाळी शेत तुडवलेलं दिसलं की आधी फोटो काढा, खुरांचे ठसे आणि उकरलेली जमीन जवळून, मग धुऱ्यासकट सगळं शेत लांबून. सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स जोडून त्याच दिवशी अर्ज द्या, पोच घ्या. आणि पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात डवरा किंवा वखर फिरवू नका.