बोट कोणाचे, वाक्य कोणाचे?

स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे २५ ते ३० टक्के व्यक्तींची वाणी मोजक्या शब्दांपलीकडे जात नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नसावे असे गृहीत धरण्याची चूक पालक व शिक्षकांप्रमाणेच तज्ज्ञांकडूनही दीर्घकाळ होत आली. वास्तविक एक साधा शब्द उच्चारायचा तरी ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांच्या हालचाली क्षणाच्या अंशात, ठरावीक क्रमाने जुळून याव्या लागतात. स्नायू धडधाकट असूनही मेंदूला या हालचालींची आखणी साधत नसेल, तर त्या अवस्थेला ‘वाचिक अ‍ॅप्रॅक्सिया’ म्हणतात. प्रत्येक अबोल स्वमग्न व्यक्तीच्या मौनाचे कारण हेच असते असे नाही. काहींना भाषेचे आकलनही खरोखरच मर्यादित असते. तथापि अडथळा केवळ उच्चाराच्या वाटेवर असेल, तर अक्षरांवर बोट ठेवून व्यक्त होण्याची दुसरी वाट मोकळी असू शकते, हा विचार तर्काला धरूनच आहे.

या विचाराची पहिली मोठी लाट मात्र फसवी निघाली. ऑस्ट्रेलियातील रोझमेरी क्रॉसली यांनी विकसित केलेली ‘सहाय्यित संप्रेषण’ ही पद्धत अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन यांनी १९९० च्या सुमारास तेथे लोकप्रिय केली. या पद्धतीत सहायक व्यक्ती टंकन करणाऱ्याचा हात, मनगट किंवा कोपर धरून ठेवते. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात १२ व्यक्तींवर झालेल्या एका चाचणीत टंकन करणारा आणि सहायक यांना स्वतंत्रपणे चित्रे दाखवण्यात आली, आणि एकाचे चित्र दुसऱ्याला दिसणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. दोघांची चित्रे वेगळी असताना टंकन करणाऱ्याने पाहिलेल्या वस्तूचे नाव एकदाही उमटले नाही. जे ओळखू येण्याजोगे उमटले, ते सहायकाने पाहिलेल्या चित्राचे होते. सहायक लबाडी करत नव्हते. प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवणाऱ्यांना आपणच ती सरकवत आहोत याची जाणीव नसते, तसाच हा नकळत घडणारा स्नायूंचा व्यापार होता, आणि म्हणूनच सहायकाच्या प्रामाणिकपणाची ग्वाही येथे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

भारतात जन्मलेल्या तितो राजर्षी मुखोपाध्याय या लेखकाचे उदाहरण या पार्श्वभूमीवर वेगळे ठरते. आई सोमा मुखोपाध्याय यांनी त्याला अक्षरफलकावर बोट ठेवण्यास आणि पुढे पेन्सिलीने लिहिण्यास शिकवले. त्याचे पहिले पुस्तक ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झाले, त्या वेळी तो जेमतेम अकरा वर्षांचा होता. हात न धरता स्वतः लिहिणे ही त्याच्या बाबतीतली निर्णायक गोष्ट होय. सोमा यांनी पुढे अमेरिकेत रुजवलेल्या पद्धतीत मात्र फलक बहुधा सहायकाच्या हातात असतो, आणि हातातला फलक किंचित हलला तरी बोटाला सूचना मिळू शकते, हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. अमेरिकेतील वाचोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही पद्धती वापरू नयेत अशी भूमिका घेतली, ती याच कारणास्तव.

व्हर्जिनिया विद्यापीठातील विक्रम जस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या वादाला बगल देऊन मुळाशी असलेला प्रश्न तपासला. ३१ अबोल स्वमग्न किशोर व प्रौढांना टॅब्लेटच्या पडद्यावर उजळणाऱ्या अक्षरांना फक्त स्पर्श करायचा होता. ती अक्षरे कधी अर्थपूर्ण वाक्याच्या क्रमाने उजळत, तर कधी निरर्थक क्रमाने. वाक्याच्या क्रमाने उजळणाऱ्या अक्षरांवर बोटे अधिक चपळाईने पडली, म्हणजे पुढचे अक्षर कोणते येणार याचा अंदाज सहभागींना होता. कोणत्याही एका व्यक्तीने टंकलेले लेखन तिचेच आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. पण शाळेत ज्यांना मुळाक्षरांपलीकडे कधी नेलेच जात नाही, त्यांच्यापैकी अनेकांना शब्दांची जडणघडण ठाऊक असू शकते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. चाचणी घेणे म्हणजे त्या व्यक्तीवर अविश्वास दाखवणे, असे काही पालकांना वाटते. प्रत्यक्षात तिच्या नावावर दुसऱ्याची वाक्ये खपू नयेत, यासाठी तिलाच चाचणीची सर्वाधिक गरज असते.

स्थिर ठेवलेला फलक आणि मोकळे बोट हे त्यामुळे इष्ट साध्य ठरते, आणि मराठीत ते अधिक कष्टाचे आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्रांवर आधारित ॲप मराठीतही उपलब्ध आहे. चित्राला स्पर्श करताच ते शब्द उच्चारते, परंतु मनातले नवे वाक्य घडवायचे तर शेवटी अक्षरांकडेच वळावे लागते. ‘विद्यार्थी’ हा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकताना अक्षरे, काना, वेलांट्या आणि दोनदा पाय मोडण्याची खूण धरून दहा घटक क्रमाने निवडावे लागतात. शिवाय पहिली वेलांटी ‘व’नंतर टंकायची असली तरी पडद्यावर ती त्याच्या आधी दिसते. ज्याला हालचालींचा क्रम जुळवणे हेच मुळात कठीण जाते, त्याच्या बोटाला साधेल अशी देवनागरी फलकाची मांडणी कोणती, हा प्रश्न लिपीच्या अभ्यासकांनी आणि वाचोपचारतज्ज्ञांनी एकत्र बसून सोडवावा लागेल.