साडेतिनाचा वर्ग

एखाद्या संख्येस तिनेंच गुणिलें म्हणजे तिचा वर्ग होतो, ही व्याख्या आपण सर्वांनीं शाळेंत घोकली आहे. ती बरोबरच आहे. परंतु केवळ तिच्या भरंवशावर शिकवीत राहिल्यानें माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला.

मी सोलापुरांत सातव्या इयत्तेस गणित शिकवीत असें. एके दिवशीं फळ्यावर साडेतिनाचा वर्ग विचारला. विणकराच्या घरच्या एका मुलानें उत्तर लिहिलें : सव्वानऊ. तिनाचा वर्ग नऊ, अर्ध्याचा पाव. मीं त्यास छडी दिली आणि गुणाकार करून सव्वाबारा हें उत्तर दाखविलें. तो हात चोळीत म्हणाला, "गुरुजी, मग माझे तीन कोठें गेले?" मीं त्यास खालीं बसविलें. खरें सांगावयाचें तर तें मलाहि ठाऊक नव्हतें.

पुढें कित्येक महिन्यांनीं घरीं साडेतीन हात लांब व तितकेंच रुंद असें कापड अंथरलेलें होतें. त्याची एका बाजूची अर्ध्या हाताची कड दुमडली, मग लगतच्या बाजूचीहि दुमडली. मध्यें उरला तीन हातांचा चौरस. त्याचे नऊ चौरस हात. कोपऱ्यावर अर्ध्या हाताचा चिमुकला चौरस, तो पाव. मुलानें एवढेंच मोजलें होतें. परंतु दोन्ही कडांना तीन हात लांब, अर्धा हात रुंद अशा दोन पट्ट्या होत्या! त्या एकमेकींस जोडल्या कीं तीन हात लांब व एक हात रुंद, म्हणजे नेमके तीन चौरस हात. तोंवर तो मुलगा शाळा सोडून मागावर गेला होता.

नऊ आणि तीन म्हणजे तीन चोक बारा, वर पाव. म्हणून अडीचाचा वर्ग दोन त्रिक सहा आणि पाव, सव्वासहा. साडेचाराचा चार पंचे वीस आणि पाव, सव्वावीस. ज्या वडीलधाऱ्यांस अडीचकी-औटकी मुखोद्गत होती, त्यांस हीं उत्तरें काढणें जड नव्हतें. कापडावर तीं कोणी दाखविलीं नाहींत, इतकेंच. संख्या दसपट केली कीं वर्ग शंभरपट होतो. म्हणून ३५ चा वर्ग १२२५, ४५ चा २०२५.

देवळालीस शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं अशा वर्गांतून एक निराळेंच कौतुक शोधिलें. २०२५ चे दोन भाग करा : २० आणि २५. बेरीज पुन्हां ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. अशा संख्यांस आतां त्यांचेंच नांव आहे. पांचानें संपणाऱ्या दोन अंकी संख्यांत हा मान या दोघींचाच. आमची ३५ थोडक्यांत हुकते : १२ आणि २५ मिळून होतात ३७.