पुरात तगणारे बी आणि सखल भागातली माणसे

भाताला पाणी लागते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण सगळे रोपच आठवडा-दोन आठवडे पाण्याखाली राहिले, तर भातही मरतो. बुडालेले रोप पाण्यावर डोके काढण्यासाठी भराभर उंच वाढते. त्यात त्याची शिदोरी संपते आणि पाणी ओसरेपर्यंत ते आडवे होते. ओडिशाच्या किनारी जिल्ह्यांतील शेतकरी हे नुकसान पिढ्यान्‌पिढ्या सोसत आला आहे.

त्याच ओडिशात 'एफआर १३ ए' नावाचे एक जुने वाण आहे. दोन आठवडे बुडाले तरी ते जगते. पण उतारा कमी देते. 'स्वर्णा' वाणाचे नेमके उलट. उतारा भरघोस, पण पुरापुढे हार! संशोधकांनी १९९६ साली जुन्या वाणातील तग धरण्याचा गुण नवव्या गुणसूत्रावर नेमका हेरला. मग फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तो गुण संकराने स्वर्णात आणला गेला. संकरातून निघालेली रोपे पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच जुळवली, म्हणजे बाकी सारे गुण स्वर्णाचेच राहिले. २००९ साली 'स्वर्णा सब-१' भारतात प्रसारित झाले. हे रोप पाण्याखाली वाढ थांबवते, शिदोरी जपते आणि पाणी उतरले की पुन्हा उभे राहते.

आता जमाखर्च पाहू. ओडिशातील १२८ गावांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस बुडाले, तर नव्या वाणाने सुमारे ४५ टक्के अधिक पीक दिले. पूर आला नाही, तरी तोटा नाही. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुराच्या सखल जमिनी खालच्या मानलेल्या जातींकडे अधिक असल्याचेही त्या पाहणीत दिसले. म्हणजे या बियाण्याचा सर्वाधिक लाभ त्यांनाच! उंचवटा कुणाला आणि खोलगट कुणाला, हे निसर्गाने ठरवले काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली कटक येथील परिषदेत ओडिशाच्या नद्यांचे पाणी अडवून लोकांच्या कामी लावावे, असा आग्रह धरला होता. धरण सरकार बांधील. पण बियाणे घरोघरी कोण पोचवणार? ओडिशातच असे आढळले, की गावातील चार-पाच शेतकऱ्यांना बी दिले, तर ते बहुतांशी त्यांच्याच आडनावात आणि जातीत फिरते. दारोदार जाऊन विकले, तेव्हा ते कितीतरी अधिक घरांत गेले.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेले. शेतात पाणी तुंबले की सोयाबीनच्या मुळांना हवा मिळत नाही आणि मुळांवरच्या गाठींचे काम मंदावते. पाणी सोसणारे आणि उताराही देणारे सोयाबीन तयार करण्याचे प्रयत्न अमेरिकेत मिसूरी व अर्कान्सा येथे चालू आहेत. पण सोयाबीनमध्ये हा गुण अनेक जनुकांत विखुरलेला असल्याने काम किचकट आहे.

असे वाण उद्या आपल्याकडे येईल, तेव्हा ते गावाच्या चौकातच अडकू नये. कृषी खात्याकडे आजपासूनच विचारणा करावी. बियाण्याच्या यादीत आपल्या वस्तीची नावे आहेत की नाहीत, हे तरुणांनी तपासावे. भात आणि सोयाबीन, दोन्हींचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. ते निवडून, वाळवून जपण्याचे ज्ञान आपल्या माताभगिनींकडे आहेच. बी एकदा वस्तीत आले, की ते टिकवणे आपल्या हाती आहे!